आत कायतरी वाजूलालंय

लेन्स दुरुस्त न केल्याचं बिल परवा माझ्या हातात पडलं. तपासणी शुल्क, जाण्यायेण्याचं कुरिअर आणि वर 18 टक्के जीएसटी. काम झालं नाही, पण न झालेल्या कामातला सरकारचा वाटा मात्र वेळेवर पोचला.

लेन्स पडली कशी हे थोडक्यात सांगतो, कारण घरात त्यावर अजून एकमत नाही. हुरड्याला गेलो होतो. कॅमेरा बाजेवर होता. मेव्हण्याचं पोरगं बाजेवर चढलं आणि कॅमेरा आगटीशेजारच्या दगडावर उतरला. बायकोच्या मते पोरगं चढलं नाही, बाज हलली. असो. कॅमेऱ्याला काही झालं नाही. लेन्सच्या तोंडाची, जिथे फिल्टर बसतो ती कडा वाकली, आणि 70 ते 300 मिलिमीटरपर्यंत जाणारी झूमची रिंग (आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं) 135 वर येऊन अडायला लागली.

ही लेन्स मी माळढोक पक्ष्यासाठी घेतली होती. सोलापूरकर असून माळढोक पाहिला नाही हे बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगताना जीव खाली-वर होतो. नान्नजचं अभयारण्य 1979 सालचं. एकेकाळी कागदावर ते आठ हजार चौरस किलोमीटरहून मोठं होतं, पुढे आक्रसलं, आणि माळढोक त्याहून वेगाने आक्रसले. माझ्याकडे काळविटांचे भरपूर फोटो आहेत. एका फोटोत लांबवर एक तपकिरी ठिपका आहे. मी त्याला माळढोक म्हणतो, मित्र बाभळीचं खोड म्हणतात. 300 ला ही गत, तर 135 ला खोडसुद्धा दिसायचं नाही.

वॉरंटी शिल्लक होती. कंपनीचं सर्व्हिस सेंटर मात्र सोलापुरात नाही, आहे तो 'कलेक्शन पॉइंट'. नवी पेठेतल्या एका दुकानाच्या वर, अरुंद जिना चढून गेलं की एक खोली. तिथे मोबाइल, ट्रिमर, मिक्सर, इस्त्री असं सगळं एकाच काउंटरवर जमा होतं आणि पुढे कुठेतरी जातं. काउंटरवरचा पोरगा कुणाकडे बघत नाही, स्क्रीनकडे बघतो. टोकन घ्यायचं आणि बसायचं.

माझ्या शेजारी एक अण्णा बसले होते. पांढरी टोपी, मांडीवर मिक्सरचं भांडं, आणि भांड्यावर दोन्ही हात. भांड्याच्या बुडाचा, ते फिरवणारा कपलर गेला होता. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होतो, हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं. मग माझ्या पिशवीकडे बघत म्हणाले,

"दुर्बीण व्हय?"

"लेन्स आहे. कॅमेऱ्याची."

"कॅमेरा कुठंय मग?"

"घरी. तो बरा आहे."

"म्हंजे पेशंट येकटाच आलाय." पुढचा प्रश्न अर्थातच किमतीचा. मी घरी सांगितलेली किंमत सांगितली. तेवढ्यावरच अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बगू की."

सोलापुरात 'बगू की' म्हणणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला वस्तू न देण्याची सोय नाही. दिली. अण्णांनी ती उजेडात धरली, फुंकर मारली, वाकलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, रिंग फिरवून 135 ला अडते तिथे दोनदा थांबले. इथपर्यंत मला मनातून बरं वाटत होतं. पडल्यापासून त्या लेन्सकडे इतक्या आस्थेने कुणी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी ती कानाशी नेली आणि हलवली.

"आत कायतरी वाजूलालंय."

"ते वाजणारच, अण्णा."

"सुटलंय आत."

"सुटलेलं नाही. आत काचांचा एक गट तरंगता ठेवलेला असतो. आपला हात हलला तर तो उलट्या बाजूला सरकतो, म्हणजे फोटो हलत नाही. कॅमेरा बंद असला की तो सैल पडतो आणि वाजतो."

अण्णांनी विचार केला. "म्हंजे नवीन हुतं तवा बी वाजत हुतं?"

"हो."

"आन तुमी पैसं देऊन ढिलं घेतलाव."

खोलीत ट्रिमरवाला होता, इस्त्री घेऊन आलेल्या एक बाई होत्या, कॉलेजची दोन पोरं होती. आतापर्यंत सगळे आपापल्या मोबाइलमध्ये होते. आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. अण्णांनी लेन्स पुन्हा हलवून सगळ्यांना ऐकवली. "बगा ओ, मालकानं वाजणारं घेतलंय. मिक्सर वाजला म्हणून मी हितं आलाव, ह्यांचं न वाजलं तर हे येणार!" इस्त्रीवाल्या बाई हसल्या, ते मला जास्त लागलं.

मग कडेकडे वळले. "ही तर मी आत्ता सरळ करतो. ह्याच गोलाईचा लाकडी ठोकळा घ्यायचा, आतनं लावायचा, वरनं हळूहळू ठोकायचं." बोलता बोलता त्यांनी किल्ल्यांच्या जुडग्यातला छोटा पेचकस मोकळा केला होता. जपानी लेन्सच्या स्क्रूची खाच आपल्या नेहमीच्या चौफुली पेचकसाला नीट बसत नाही, घासून जाते, हे मला माहीत होतं. मी लेन्स जवळजवळ हिसकावून घेतली. अण्णा दुखावले. "मागाचा धोटा चिरला तर आमी काय जपानला फोन लावत हुतो?"

एवढ्यात काउंटरवरच्या पोराने त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली.

"सर, आवाज येतो का लेन्समधून?"

"नाही. म्हणजे येतो, पण तो..."

"येतो की!" अण्णा. "मी ऐकलाव. समद्यांनी ऐकलंय."

पोराने टाइप केलं. मी वाकून पाहिलं. तक्रारीच्या रकान्यात झूम अडतो, कडा वाकली आणि त्याखाली 'इंटर्नल नॉइज'.

"ते तिसरं काढा हो."

"एकदा सेव्ह झालं की एडिट होत नाही, सर."

पावती मिळाली. त्यावर 'लेन्स, 1 नग' एवढंच. पुढची कॅप लिहा म्हटलं तर "ती लेन्सलाच लावलेली आहे ना सर" म्हणाला. कपलर त्यांच्याकडे नव्हता, त्यामुळे अण्णांचं भांडं तसंच परत गेलं. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "होईल ओ मालक नीट. पन ते वाजायचं बंद करून घ्या."

पुढचं लवकर सांगण्यासारखं आहे, कारण पुढे बराच काळ काही झालंच नाही. 'तुमचे उत्पादन प्राप्त झाले', 'तुमचे काम प्रगतिपथावर आहे', पुन्हा 'तुमचे काम प्रगतिपथावर आहे'. मग खर्चाचा अंदाज आला. झूमचा बॅरल, पुढच्या काचांचा संपूर्ण संच, आणि तिसऱ्या ओळीत स्थिरीकरणाचं, म्हणजे त्या तरंगत्या काचांचं, अख्खं युनिट. कारण: नॉइज. तीन ओळींची बेरीज जवळपास नव्या लेन्सएवढी, आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा अण्णांचा होता.

फोन लावला. पलीकडची मुलगी इतकी नम्र होती की भांडणच उभं राहीना.

"मॅडम, तो आवाज बिघाडाचा नाहीये. तुमच्याच लेन्सची रचना तशी आहे."

"सर, तक्रार तुम्ही नोंदवली आहे."

"मी नाही, एका अण्णांनी."

"ते लेन्सचे मालक आहेत का, सर?"

"नाही, ते मिक्सर घेऊन आले होते."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. बहुधा पुढच्या प्रश्नासाठी तिच्या स्क्रीनवर रकाना नसावा. मग म्हणाली, अर्धवट दुरुस्ती करता येत नाही. तिन्ही मंजूर करा, नाहीतर लेन्स परत पाठवतो.

"निदान ती वाकलेली कडा तरी सरळ करा."

"सर, आम्ही पार्ट बदलतो. दुरुस्त नाही करत."

हे वाक्य ती शांतपणे बोलली. दुरुस्ती केंद्राच्या माणसाने इतकं शांतपणे ते बोलावं, याचा राग मला अजून उतरलेला नाही. वाकलेली फिल्टर रिंग सरळ करायला 'लेन्स व्हाइस' नावाचं साधन मिळतं. दोन गोलाकार जबडे आतून लावायचे आणि स्क्रू फिरवत कडा हळूहळू बाहेर रेटायची. ठोकाठोक तेवढी नाही, बाकी तत्त्व अण्णांचंच. सर्व्हिस सेंटरला मात्र वाकलेली कडा म्हणजे पुढचा अख्खा भाग नवा.

आणि वॉरंटी? 'फिजिकल डॅमेज' तीत बसत नाही. पडलं तर नाही, पाणी गेलं तर नाही, वाळू गेली तर नाही, बुरशी धरली तर नाही, बाहेर कुणी उघडली तर मुळीच नाही. म्हणजे कारखान्यात कुणाचा हात चुकला असेल तरच. माणसाच्या घरात वस्तूचं जे जे होऊ शकतं, ते सगळं माणसानेच भरायचं. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तकात तर वापराचं तापमान 0 ते 40 अंश दिलंय. म्हणजे एप्रिल-मे मध्ये अख्खं सोलापूर पुस्तकाबाहेर. त्या दिवसांत दुपारी बाहेर पडून फोटो काढला तर शंका घ्यायला त्यांना तेवढी जागा आहेच, आणि सकाळी काढावा म्हटलं तर आठ वाजताच फरशी चटके देते.

'परत पाठवा' म्हटलं. खोकं आलं. आत बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली लेन्स, वाकलेली कडा तशीच, 135 ला अडतेही तशीच. पुढची कॅप गायब. पुन्हा फोन.

"सर, आमच्या नोंदीत 'लेन्स, 1 नग' आहे. कॅपची नोंद नाही."

"कॅपशिवाय उघड्या काचेची लेन्स कोण पाठवेल?"

"नोंद नाही, सर. ओरिजिनल कॅप तुम्ही वेबसाइटवरून घेऊ शकता."

वेबसाइटवर पाहिलं. 67 मिलिमीटर, स्टॉक नाही, 'उपलब्ध झाल्यावर कळवू'.

तूर्त शेंगा चटणीच्या बरणीचं प्लास्टिकचं झाकण लावलंय. वाकलेल्या कडेमुळे ते इतकं घट्ट बसतं, की नवीन लेन्सला बसलं नसतं. बायको रोज विचारते, चटणी मऊ पडायला लागली, झाकण कधी देताय. तिला मी सांगितलंय, कंपनीकडे मागणी नोंदवलीय, काम प्रगतिपथावर आहे.