मायामीत इंग्रजी अजून जिवंत आहे, मामा

गेल्या रविवारी सकाळी साडेसातला साताऱ्याहून मोठ्या मामांचा फोन आला. एरवी ते आधी हवापाणी विचारतात. या वेळी थेट विषयालाच हात: "अगं, तुमच्या मायामीत इंग्रजी बंद झाली म्हणे? मग पोरांच्या शाळेचं काय?" शेजारच्या खोलीत माझी दोन्ही पोरं टीव्हीच्या रिमोटवरून कडाकडा भांडत होती, इंग्रजीत. मी फोन त्या दिशेला धरला. पण मामांचं समाधान झालं नाही, कारण त्यांच्याकडे पुरावा होता. व्हॉट्सअॅपवर आलेला.

तो पुरावा दुपारपर्यंत घरच्या ग्रुपवरही पोचला. भावाने अंगठा दिला, मावशीने हात जोडले. मजकूर लांबलचक आहे, पण त्यातले मुद्दे एवढेच: मायामीने १९७३ साली स्पॅनिशला अधिकृत भाषा केलं आणि तेव्हापासून तिथली इंग्रजी संपली. स्पॅनिश ही परकी, घुसखोरांची भाषा, तरी मतपत्रिकासुद्धा तिच्यात छापतात. भाषेची सोय करून दिली की लोक इंग्रजी शिकतच नाहीत. दवाखान्यात दुभाषी ठेवण्यावर करदात्यांचा पैसा उधळला जातो. शेवटी ट्रम्पनी या सगळ्यावर बंदी आणली. आणि म्हणून मराठी वाचवायची तर मुंबईने वेळीच धडा घ्यावा.

मी अकरा वर्षं मायामीच्या काउंटीत (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यात म्हणा) राहते. स्पॅनिश मला भाजी आणण्यापुरती आणि प्लंबरशी हुज्जत घालण्यापुरती येते. तेव्हा हे उत्तर मामांसाठी आहे, आणि अंगठा दिलेल्या भावासाठी जास्त.

१९७३ची गोष्ट खरी आहे, पण अर्धीच. १६ एप्रिल १९७३ला डेड काउंटीच्या आयोगाने (आपल्या जिल्हा परिषदेसारखं समजा, मायामी शहर हा या काउंटीचा एक भाग) काउंटी द्विभाषिक आणि द्विसांस्कृतिक असल्याचा ठराव केला. स्पॅनिश दुसरी अधिकृत भाषा झाली. हा ठराव क्युबन लोकांनी दादागिरीने करून घेतला म्हणावं, तर त्या आयोगावर तेव्हा एकही क्युबन सदस्य नव्हता. क्युबातल्या १९५९च्या कास्त्रोच्या क्रांतीनंतर इथे आलेली माणसं दुकानं थाटून कर भरत होती, त्यांना पाट्या आणि माहितीपत्रकं कळावीत एवढाच बेत होता.

फॉरवर्ड इथे थांबतो. पुढच्या वीस वर्षांचं त्याला काही सांगायचं नाही, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

१९८०च्या एप्रिलमध्ये क्युबाचं मारिएल बंदर देश सोडणाऱ्यांसाठी उघडलं आणि ऑक्टोबरपर्यंत सुमारे सव्वा लाख माणसं होड्यांमधून फ्लोरिडात उतरली. शहर हबकलं. त्याच नोव्हेंबरमध्ये मतदान होऊन १९७३चा ठराव उडाला आणि उलटा कायदा आला: इंग्रजीखेरीज दुसऱ्या कुठल्याही भाषेच्या वापरावर, किंवा अमेरिकेखेरीज दुसऱ्या संस्कृतीच्या प्रसारावर, काउंटीचा पैसा खर्च करायचा नाही. सुमारे ५९ टक्के लोकांनी बाजूने मत दिलं. मोहीम चालवणाऱ्या एमी शेफर स्वतः युरोपातून आलेल्या निर्वासित होत्या, हे जाता जाता. हा कायदा १९९३पर्यंत टिकला. म्हणजे ज्या काळात फॉरवर्डच्या मते इंग्रजी मरत होती, त्यातली साडेबारा वर्षं स्पॅनिशवर खर्च करायलाच बंदी होती. शिवाय १९८८मध्ये फ्लोरिडाच्या मतदारांनी राज्यघटनेत इंग्रजीला राज्याची अधिकृत भाषा करून टाकलं, जवळपास ८४ टक्क्यांनी. ते कलम आजही तसंच आहे. मायामीत स्पॅनिश आज अधिकृत भाषा नाही, मामा. खूप ऐकू येते, एवढंच. रस्त्यावर ऐकू येणं आणि अधिकृत असणं यातला फरक मुंबईच्या माणसाला तरी समजवावा लागू नये.

परकी भाषा? फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टिन हे गाव स्पॅनिशांनी १५६५ साली वसवलं. इंग्रजांचं अमेरिकेतलं पहिलं टिकलेलं गाव, जेम्सटाउन, १६०७चं. सेंट ऑगस्टिन वसलं तेव्हा शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून ६५ वर्षं होती. फ्लोरिडा अमेरिकेच्या हाती आलं ते १८२१मध्ये. अर्थात, एवढ्यावरून आजचे मायामीकर त्या स्पॅनिशांचे वारस ठरत नाहीत. मायामी हे शहर म्हणून १८९६चं आणि तिथली आजची स्पॅनिश मुख्यतः १९५९नंतरची, हे कबूल. मतपत्रिकांचं म्हणाल तर तो काही मायामीचा लाडावलेपणा नाही. मतदान हक्क कायद्यात १९७५ साली भर घालून अमेरिकेच्या संसदेनेच ते बंधनकारक केलं. एखाद्या भागात इंग्रजी नीट न येणारे एका भाषागटाचे नागरिक ठरावीक संख्येपलीकडे गेले की त्यांना त्यांच्या भाषेत मतपत्रिका द्यावी लागते. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये त्याच कायद्याखाली २०१३पासून बंगालीत मतपत्रिका निघते. तिचा फोटो याच ग्रुपवर कौतुकाने फिरला होता. तेव्हा कुणाला परकं वाटलं नाही.

आता दवाखान्याचा मुद्दा. हा वाचून मला खरा संताप आला, म्हणून इथे जरा थांबते.

१९८०च्या जानेवारीतली गोष्ट, म्हणजे ती बंदी येण्याच्या दहा महिने आधीची. दक्षिण फ्लोरिडातल्या एका हॉस्पिटलात अठरा वर्षांचा एक क्युबन मुलगा बेशुद्ध अवस्थेत आणला गेला. घरच्यांना वाटत होतं की त्याला बाहेरचं काहीतरी खाल्लेलं बाधलं. ते म्हणाले, 'इंटॉक्सिकाडो'. क्युबन स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ एवढाच, की खाण्यापिण्यातून काहीतरी अंगावर आलं. डॉक्टरांच्या कानाला तो शब्द इंग्रजी 'इंटॉक्सिकेटेड'सारखा लागला. नशा! प्रशिक्षित दुभाषी बोलावलाच नाही, कारण सगळ्यांना वाटलं आपल्याला कळलंय. ड्रग्जचा अतिरेक समजून दोन दिवस उपचार झाले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. मुलगा वाचला, पण दोन्ही हात आणि दोन्ही पाय कायमचे लुळे पडले. दाव्यात ठरलेली रक्कम, त्याच्या जन्मभराच्या देखभालीसह, सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर होती. दुभाष्यावर पैसा उधळला जातो म्हणणाऱ्याने या रकमेत किती दुभाष्यांचे किती वर्षांचे पगार बसतात ते मांडून बघावं.

आणि ही चूक स्पॅनिशमध्येच होते असं नाही. आपल्या आजीने दवाखान्यात 'बाधा झालीय' म्हटलं आणि अर्धवट मराठी येणाऱ्या कुणी ते भूतबाधा म्हणून पुढे सांगितलं, तर?

एवढं होऊन त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काय झालं, तर काउंटीच्या हॉस्पिटलातली स्पॅनिश माहिती, बसमधल्या सूचना, आगीपासून बचावाची पत्रकं, सगळंच कात्रीत सापडलं. प्राणिसंग्रहालयाच्या पाट्यांवर प्राण्यांची लॅटिन शास्त्रीय नावं चालतील का, इथपर्यंत मजल गेली. लॅटिन काही इंग्रजी नव्हे ना! शेवटी १९८४मध्ये कायद्याला ठिगळं लावली: वैद्यकीय सेवा, आणीबाणी, वृद्ध आणि अपंगांच्या सेवा, आणि पर्यटनाची जाहिरात यांना सूट. हे शेवटचं वाचून मी हसले होते. पाहुण्याला त्याच्या भाषेत 'या, बसा' म्हणायला काउंटीचा पैसा चालेल, इथेच राहणाऱ्याला त्याच्या भाषेत काही छापून द्यायला चालणार नाही. १९९३च्या मे महिन्यात आयोगाने ते सगळंच एकमताने रद्द केलं.

आता माझ्या घरची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आई इथे आली होती तेव्हा तिच्या छातीत दुखायला लागलं. इमर्जन्सीत नेलं. मी होतेच भाषांतराला, पण डॉक्टरांनी मला बाजूला बसवलं. म्हणाले, घरची माणसं काही गोष्टी गाळतात. नर्सने फोन लावला आणि स्पीकरवर मराठी आली. स्वच्छ, शांत मराठी! आईने रात्री कितीदा उठावं लागतं, कुठली गोळी बंद केली, हे सगळं त्या बाईला सांगितलं. त्यातलं अर्धं मला माहीत नव्हतं. मध्येच आईने विचारलं, "तुम्ही कुठल्या हो?" पलीकडून उत्तर आलं नाही. त्या लोकांना स्वतःबद्दल सांगायची परवानगी नसते, फक्त नंबर सांगतात. आई अजून म्हणते, बोलण्यावरून कोल्हापूरकडची असावी. मामा, ती सोय ज्या कायद्यांमुळे मिळाली त्यांनाच तुमचा फॉरवर्ड उधळपट्टी म्हणतोय, आणि ती सोय तुमच्या सख्ख्या बहिणीला मिळाली.

लोक इंग्रजी शिकत नाहीत, हा मुद्दा घरात मुलं असलेल्या कुणाही स्थलांतरिताला विचारा. प्यू संशोधन केंद्राच्या २०२३च्या अहवालाप्रमाणे अमेरिकेतल्या लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) प्रौढांपैकी २४ टक्क्यांना स्पॅनिशमध्ये धड संभाषण करता येत नाही. तिसऱ्या किंवा त्यापुढच्या पिढीत हाच आकडा ६५ टक्के. माझ्या शेजारच्या क्युबन आजी नातवाशी स्पॅनिशमध्ये बोलतात, नातू इंग्रजीत उत्तर देतो. आमच्याकडेही तेच, फक्त भाषा वेगळी. धोका कुठल्या भाषेला आहे ते जेवणाच्या टेबलावर कळतं.

एक गोष्ट मात्र मान्य करते, नाइलाजाने. इथे नोकरीच्या जाहिरातींत 'स्पॅनिश आवश्यक' असं सर्रास असतं. माझ्या ओळखीच्या एका हैतीच्या बाईंना इंग्रजी उत्तम येते, फ्रेंच आणि क्रेओल (हैतीची बोली) येते, तरी एका दुकानाने स्पॅनिश नाही म्हणून परत पाठवलं. त्यांचा राग खोटा नाही. म्हणूनच, मला कुणी विचारलं की मायामीने पुन्हा स्पॅनिशला दुसऱ्या अधिकृत भाषेचा शिक्का मारावा का, तर मी नको म्हणेन. दोन भाषांना पाट दिला की तिसरी ओटीवरच बसते. काउंटीची मतपत्रिका आज इंग्रजी, स्पॅनिश आणि हैतीयन क्रेओल अशा तीन भाषांत असते. केंद्राच्या कायद्यात क्रेओल बसत नव्हती, काउंटीने ती आपणहून घेतली. शिक्क्यापेक्षा मला हे बरं वाटतं. खिडकीपलीकडच्या माणसाला कळलं पाहिजे, मग कागदावर कुठल्या भाषेचा मान मोठा ते ठरवत बसा.

ट्रम्पच्या बंदीचं एका वाक्यात: १ मार्च २०२५च्या आदेशाने इंग्रजी देशाची अधिकृत भाषा झाली आणि इंग्रजी नीट न येणाऱ्यांनाही सरकारी सेवा मिळाव्यात म्हणून काढलेला क्लिंटन यांचा २०००चा आदेश रद्द झाला, पण इतर भाषांतल्या सेवा थांबवायचं बंधन त्यात कुठेही नाही.

राहिली मुंबई. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने मायामीची इंग्रजी आणि मुंबईची मराठी एका तागडीत टाकली आहे. इंग्रजीच्या मागे अख्खा देश, कोर्टं, बँका, विद्यापीठं, आता राष्ट्राध्यक्षांचा आदेशही. मराठी १९६४च्या अधिनियमाने राज्याची राजभाषा आहे, तरी मुंबईतल्या बँकेत मराठीतला अर्ज मागून बघा, काउंटरवरचा माणूस तुमच्याकडे कसा बघतो ते. तुलना करायचीच तर त्या खिडकीशी मराठी माणूस बराचसा इथल्या स्पॅनिशवाल्याच्या जागी उभा असतो, आणि फॉरवर्ड त्याला पलीकडच्या खुर्चीत बसवतो. पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय १६ एप्रिल २०२५ला निघाला आणि २९ जूनला सरकारला तो मागे घ्यावा लागला. सहा वर्षांच्या पोरावर तिसरी भाषा कशाला, हा साधा प्रश्न त्याला पुरला. त्या वेळी मायामीचं नावही कुणी काढलं नव्हतं.