"३० नमुने घ्या, टी-टेस्ट लावा, पी बघा" : या सल्ल्यात काय चुकतं

संख्याशास्त्र शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. "सरासरी उत्पन्न असो, खर्च असो की वाढीचा दर, ३० च्या वर निरीक्षणं घ्या. नमुन्याच्या सरासरीतून दाव्यातली सरासरी वजा करा आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत) भागिले √n (n म्हणजे निरीक्षणांची संख्या) या प्रमाण त्रुटीने भागा, म्हणजे टी मिळेल. त्यावरून निघणारी पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली तर दावा खोटा, वर आली तर दावा खरा." पाठ करायला हे सोपं आहे. पण आर्थिक आकड्यांवर ते जसंच्या तसं लावलं की चुकीचे निष्कर्ष निघतात, आणि चूक बहुतेक वेळा छेदात, म्हणजे प्रमाण त्रुटीत, असते.

"पी वर आली तर दावा खरा"

समजा, दावा असा आहे की कुटुंबाचा सरासरी मासिक खर्च २०,००० आहे. ३६ कुटुंबांचा यादृच्छिक नमुना घेतला; सरासरी आली २१,२०० आणि प्रमाण विचलन ४,८००. प्रमाण त्रुटी ४,८०० ÷ ६ = ८००, टी = १,२०० ÷ ८०० = १.५. डिग्रीज ऑफ फ्रीडम (n − १) ३५, दुहेरी बाजूची पी सुमारे ०.१४. शून्य परिकल्पना, म्हणजे तपासायचा दावा, नाकारता येत नाही, इथपर्यंत ठीक.

आता ९५ टक्के विश्वासांतर, म्हणजे या आकडेवारीशी जुळणाऱ्या सरासरींचा पट्टा, काढा: २१,२०० ± २.०३० × ८००, म्हणजे १९,५७६ ते २२,८२४. २०,००० यात बसतो, तसाच २२,५०० ही बसतो. मग २०,००० च खरा कशावरून? शिवाय खरी सरासरी २१,२०० असती, तरी एवढ्या नमुन्यात हा फरक पकडण्याची शक्यता जेमतेम ३० टक्के आहे. ती ८० टक्क्यांवर न्यायची तर १२५ च्या थोडी वर कुटुंबं लागतील. हा हिशोब नमुना गोळा करण्याआधी करायचा असतो.

"पी खाली आली तर दावा खोटा"

पी-व्हॅल्यू म्हणजे दावा खरा असण्याची शक्यता नव्हे. दावा आणि त्यामागची सगळी गृहीतकं खरी मानली, तर इतका किंवा याहून टोकाचा टी येण्याची ती शक्यता. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ च्या निवेदनात हे स्पष्ट मांडलं आहे. 'सगळी गृहीतकं' हे शब्द महत्त्वाचे, कारण पुढचे दोन मुद्दे त्यांचेच आहेत.

"३० पुरेत"

डिग्रीज ऑफ फ्रीडम २९ असताना दावा नाकारण्याची टीची सीमा २.०४५ आणि झेडची (म्हणजे प्रसामान्य, घंटेसारख्या सममित वितरणाची) १.९६०, दोन्ही जवळ आल्या म्हणून ३० चा आकडा रूढ झाला. पण ही जवळीक प्रसामान्य वितरणातल्या आकड्यांची आहे. उत्पन्न तसं नसतं, त्याची शेपटी उजवीकडे लांब जाते. उत्पन्नाचं वितरण लॉगनॉर्मल (ज्याचा लॉग प्रसामान्य असतो असं) धरलं आणि लॉगचं प्रमाण विचलन १ असलं, तर विषमता गुणांक (वितरण एका बाजूला किती कललंय याचं माप) सुमारे ६.२ येतो. संख्याशास्त्रज्ञ कॉक्रनचा ठोकताळा सांगतो की n हा २५ × विषमतेचा वर्ग याहून मोठा हवा. म्हणजे इथे ३० नव्हे, साडेनऊशेच्या आसपास.

कमी नमुन्यात चूक एका ठरावीक बाजूला होते. नमुन्यात फार श्रीमंत कुटुंब आलंच नाही तर सरासरी खाली जाते, आणि प्रमाण विचलनही आक्रसतं. छेद लहान झाल्यामुळे टी ऋण बाजूला फुगतो. "उत्पन्न दाव्यापेक्षा कमी आहे" हा निष्कर्ष त्यामुळे गरजेपेक्षा जास्त वेळा निघतो.

यावर उपाय म्हणून "आकड्यांचा लॉग घ्या" असं सांगितलं जातं. लॉग घेतल्यावर चाचणी गुणोत्तर मध्याची होते, सरासरीची राहत नाही. वरच्याच लॉगनॉर्मल उदाहरणात गुणोत्तर मध्य आणि मध्यक (अगदी मधला आकडा) एकच असतात आणि सरासरी मध्यकाच्या १.६५ पट आहे, प्रश्नच बदलला. सरासरीच हवी असेल तर बूटस्ट्रॅप-टी वापरा, म्हणजे नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा नमुने काढून टीची सीमा ठरवा. संपत्तीच्या आकड्यांत मात्र सांभाळून: परेटो शेपटीचा (फार मोठे आकडे हळूहळूच विरळ होत जाणाऱ्या शेपटीचा) घातांक २ किंवा त्याहून कमी असेल तर प्रचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) अनंत असतं, आणि तिथे नेहमीचा बूटस्ट्रॅपही वाचवत नाही.

"प्रमाण विचलन भागिले √n"

हे सूत्र निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच चालतं. तिमाही वाढीचे दर तसे नसतात. लगतच्या तिमाहींचा सहसंबंध ०.६ असेल आणि तो पुढे त्याच पटीने घटत असेल, तर सरासरीचं प्रचरण (१ + ०.६) ÷ (१ − ०.६) = ४ पट होतं. ८० तिमाहींची माहिती २० स्वतंत्र निरीक्षणांएवढीच उरते. टी २.८ दिसला तरी खरा १.४. पाच टक्क्यांची म्हणून लावलेली चाचणी खरा दावा १०० पैकी सुमारे ३३ वेळा नाकारते.

न्यूई-वेस्ट दुरुस्ती (असा सहसंबंध धरून प्रमाण त्रुटी काढण्याची पद्धत) लावली की झालं, असंही नाही. नेहमीच्या ०.७५ × n^(१/३) या सूत्राने ८० तिमाहींना ३ लॅग (किती मागच्या तिमाहींपर्यंतचा सहसंबंध धरायचा तो आकडा) मिळतात. त्यातून प्रचरणाची वाढ ४ ऐवजी जेमतेम २.४ पट पकडली जाते. १२ लॅग घेतले तर सुमारे ३.४ पट. आधी सहसंबंधाचा आलेख बघा, मग लॅग ठरवा. सॉफ्टवेअरने दिलेला आकडा तसाच उचलू नका.

घरोघरच्या सर्वेक्षणात हाच दोष समूहांच्या रूपाने येतो. एकेका वस्तीतून २० कुटुंबं निवडली आणि वस्तीतला अंतर्गत सहसंबंध अवघा ०.०५ असला, तरी प्रचरण १ + १९ × ०.०५ = १.९५ पट होतं. १,००० कुटुंबं म्हणजे ५१३ समजा. सर्वेक्षणाचे भारांक (प्रत्येक कुटुंबाला दिलेलं वजन) असतील तर तेही वापरावेच लागतात.

सल्ल्यात नसलेली गोष्ट: दाव्यातला आकडा कुठल्या काळाचा?

वरचा २०,००० चा दावा तीन वर्षांपूर्वीच्या किमतींवर असेल आणि मधल्या काळात किमती १२ टक्के वाढल्या असतील, तर आजच्या किमतीत तो २२,४०० होतो. आता टी = (२१,२०० − २२,४००) ÷ ८०० = −१.५. खर्च वाढल्यासारखं दिसत होतं, आता तो घटल्यासारखं दिसतं. आकडेवारी तीच आहे. एकेरी चाचणीची बाजू नमुना बघून निवडली असेल, तर पाच टक्क्यांच्या नावाखाली चुकीची शक्यता दहा टक्के होते. म्हणून आधारवर्ष, किंमत निर्देशांक आणि चाचणीची बाजू या तिन्ही गोष्टी आकडे उघडण्याआधी लिहून ठेवायच्या.