पानांकडे पाहू नये

लाल पानांनी डवरलेल्या झाडासमोर उभे राहून ‘वा!’ म्हणण्याची माझी पद्धत साफ चुकीची आहे, असे गेल्या आठवड्यात परक्या देशातल्या एका अनोळखी गृहस्थांनी मला चारचौघांत ऐकवले. उतारवयात कोणी आपली उभे राहण्याची ढब सुधारायला निघाले की जे वाटते, ते मला अजूनही वाटते आहे.

हे घडले तोक्योजवळच्या ओमियात, बोन्साय वाढवणाऱ्यांच्या वस्तीत. तोक्योच्या निशी-कासाई भागात माझा भाचा राहतो. त्याच्याकडे गेलो असताना नोव्हेंबरची अखेर होती, मेपल रंगण्याचे दिवस होते आणि रविवार मोकळा होता, एवढ्या भांडवलावर आम्ही आगगाडीत बसलो. १९२३ च्या मोठ्या भूकंपानंतर तोक्योतले काही बोन्साय व्यावसायिक मोकळी जागा आणि स्वच्छ पाणी शोधत इकडे आले आणि १९२५ मध्ये त्यांनी ही वस्ती वसवली. इथे राहायला येणाऱ्याने किमान दहा बोन्साय बाळगावेत, दार पाहुण्यांसाठी उघडे ठेवावे, दुमजली घर बांधू नये आणि कुंपण झुडपांचेच करावे, असे त्यांचे सुरुवातीचे नियम होते. आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर गॅलरीच्या कठड्यावर कुंडी दिसल्यास दंड आकारला जाईल, असे लिहिले आहे. तिथे दहा झाडे नसली तर राहता येत नसे आणि इथे एक तुळस कठड्यावर ठेवली तर समितीचे सचिव जिना चढून वर येतात. यावर मी बरेच बोलू शकतो, परंतु सचिव हे वाचण्याची शक्यता असल्यामुळे मेपलकडे वळतो.

ज्या बागेत आम्ही शिरलो तिथे छायाचित्रे घेण्यास मनाई होती. मी निमूटपणे फोन खिशात ठेवला. कमरेएवढ्या उंचीच्या लाकडी फळ्यांवर झाडे मांडलेली होती आणि त्यांत निळ्या चकचकीत लेपाच्या उथळ कुंडीत तो मेपल होता: उंचीला हातभरही नसेल, पण खोड म्हाताऱ्या झाडाचे, आणि वर बोटाच्या पेराएवढी, पाच-पाच टोकांची शेकडो पाने, बुडाशी केशरी आणि शेंड्याला पार रक्तासारखी लाल. मी ‘वा!’ म्हटले. मला वाटते, कोणीही म्हटले असते.

शेजारच्या पाइनपाशी उभे असलेले गृहस्थ त्या आवाजाने वळले. वय ऐंशीच्या घरातले, डोक्यावर लोकरीची टोपी, गळ्यापर्यंत बटणे लावलेला कोट आणि लख्ख ऊन पडलेले असताना हातात मिटलेली छत्री. त्यांनी माझ्या नजरेचा रोख त्या छत्रीने हवेतल्या हवेत आखून पाहिला आणि तो झाडाच्या शेंड्यापाशी जाऊन थांबतो आहे हे लक्षात येताच त्यांच्या चेहऱ्यावर खरेखुरे दुःख पसरले. त्यानंतर ते बराच वेळ बोलले. भाच्याने मान हलवत सगळे ऐकून घेतले आणि मला सांगितले, ‘‘मामा, वाका म्हणतायत.’’

मी वाकलो. त्यांनी छत्री आणखी खाली केली. मी आणखी वाकलो. छत्री जमिनीला टेकली तेव्हा भाचा म्हणाला, ‘‘गुडघ्यावर बसलात तर उत्तम, म्हणतायत.’’ मी कारण विचारले, कारण माझ्या गुडघ्यांना कारणे लागतात. उत्तर असे आले की बोन्साय वरून पाहायचा नसतो. डोळे खोडाच्या उंचीवर आले तरच ते रोपटे न राहता झाड होते. शिवाय प्रत्येक बोन्सायला दर्शनी बाजू असते आणि त्याचा शेंडा पाहणाऱ्याकडे किंचित कललेला ठेवतात. ‘‘झाड तुमच्यापुढे वाकून उभं आहे आणि तुम्ही ताठ, हे बरं दिसत नाही, म्हणतायत,’’ भाच्याने चेहऱ्यावरची रेषाही न हलवता सांगितले. या मुलाला मी लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली आहे.

गुडघ्यावर बसल्यावर धडा सुरू झाला. पहिल्यांदा मुळे, मग खोड, मग फांद्या, मग काटक्या, आणि वेळ उरलाच तर पाने, असा पाहण्याचा क्रम ठरलेला होता आणि माझी नजर त्या क्रमाच्या बाहेर वर सरकू लागली की छत्रीचे टोक आडवे येई. मुळांचा जो भाग मातीवर दिसतो त्याला नेबारी म्हणतात. कुंडी बदलताना दर वेळी खाली जाणारी मुळे छाटायची आणि आडवी मुळे चहूकडे पसरू द्यायची, असे पिढ्यान् पिढ्या केल्यावर मेपलची मुळे एकमेकांत मिसळून एकसंध तबक तयार होते, आणि त्या तबकातून खोड वर चढत निमुळते होत जाते. ते तबक समोर होते आणि भव्य होते, हे मला नाकारता येत नाही. पण मागे दोन लहान मुले उभी राहून माझ्याकडे पाहत होती, हेही मला नाकारता येत नाही.

मग तोंडी परीक्षा झाली. या खोडावरची एक जाड फांदी फार पूर्वी कापलेली आहे, तिची खूण कुठे आहे ते दाखवा, असा प्रश्न आला. मी डावीकडून पाहिले, उजवीकडून पाहिले, चष्मा पुसून पाहिले. मला ती सापडली नाही. गृहस्थ प्रथमच प्रसन्न हसले. खूण सापडत नाही, हेच उत्तर होते. चांगल्या हाताने जखम स्वच्छ कापून तिच्यावर लेप लावला की वर्षांमागून वर्षे साल चढत जाते आणि मेपल ती गिळून टाकतो. असा प्रश्न आमच्या काळी परीक्षेत आला असता तर पालकांनी मोर्चा काढला असता. मैफलीत मांडीवर ताल धरून बसलेल्या माणसाचा हात हलकेच धरून ‘सम तिथे नाही’ असे सांगणारे एक गृहस्थ असतात. ओमियात त्यांनी छत्री घेतली आहे, इतकेच.

शेवटी मी भाच्यामार्फत विनवले की आता पाने पाहू का. गृहस्थांनी फार सहनशीलतेने सांगितले की पाने पाहायला काही कळावे लागत नाही. निरोगी झाडाची सारी पाने उन्हाळ्याच्या तोंडाला एकेक करून कात्रीने उतरवतात, म्हणजे पुन्हा फुटणारी पाने लहान येतात आणि काटक्यांना नाजूक फाटे फुटतात. तेव्हा पाने ही काटक्यांसाठी असतात, काटक्या पानांसाठी नसतात. मेपल पाहायचा तर पानगळीनंतर पाहावा. तोक्योच्या उएनोत १९३४ पासून भरणारे बोन्सायचे कोकुफू प्रदर्शन फेब्रुवारीत असते, तिथे मेपल उघडे उभे असतात आणि माळ्याचा खरा हात तिथे कळतो, म्हणून आपण फेब्रुवारीत यावे. विमानाच्या तिकिटाचा विषय त्यांनी काढला नाही.

एवढ्या अधिकारवाणीने बोलणारा माणूस या बागेचा वृद्ध धनी असणार, अशा समजुतीने मी उठताना त्यांना लवून नमस्कार केला होता. बाहेर पडताना भाच्याने पाणी घालणाऱ्या बाईंना त्यांच्याविषयी विचारले. त्या म्हणाल्या की ते रेल्वेतून निवृत्त झाले आहेत, रविवारी येतात आणि त्यांच्या घरी एकही बोन्साय नाही, कारण त्यांच्या पत्नीला तो पसारा खपत नाही.

परतीच्या गाडीत मला माझे उत्तर सुचले. पानातला हिरवा रंग थंडीत नाहीसा होतो आणि त्याखाली असलेला पिवळा उघडा पडतो, हे खरे. परंतु लाल रंग आधीपासून दडून बसलेला नसतो. ऊन आणि थंड रात्री यांच्या जोरावर, पानात अडकून राहिलेल्या साखरेतून मेपल तो नव्याने तयार करतो, आणि तोही थोड्याच दिवसांत गळून जाणार असलेल्या पानासाठी. नेबारी माणसाने छाटून घडवली, खूण माणसाने बुजवली, काटक्या माणसाने नाजूक केल्या. त्या साऱ्या कुंडीत झाडाने स्वतः होऊन केलेले काम तेवढे एकच होते, आणि नेमके तेच पाहू नका, असे मला सांगितले गेले. हे सगळे मी भाच्याला तावातावाने ऐकवले. तो म्हणाला, ‘‘मामा, हे तिथंच बोलायला हवं होतं.’’ मग फोनमधून डोके वर न काढता त्याने सांगितले की फेब्रुवारीत उएनोला नक्की येऊ, असे त्याने माझ्या वतीने त्यांना कबूल केले आहे, कारण नाही म्हणणे तिथे उद्धटपणाचे दिसले असते. ते दारापाशीच थांबणार आहेत म्हणे, छत्री घेऊन. थांबोत.