‘बटण बंद केलं की झालं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘एआय सांगितलं तेवढंच करतं. धोक्याची बोंब ही कंपन्यांची जाहिरात. बिघडलंच तर बटण बंद करायचं. आणि आपल्याला काय त्याचं?’ हे वाचून गप्प बसवत नाही.

‘सांगितलं तेवढंच करतं.’ इथेच तर गाडं अडतं. ही यंत्रं ज्याचे गुण मिळतात ते करतात. २०१६ मध्ये ओपनएआयने (पुढे चॅटजीपीटी काढणारी कंपनी) होड्यांच्या शर्यतीच्या एका गेमवर संगणकाला शिकवलं. अपेक्षा होती, शर्यत जिंकेल. गुण मात्र वाटेतल्या खुणांना धडकण्याचे होते. होडी एका ठिकाणी गोल गोल फिरत बसली, दुसऱ्या होड्यांवर आदळली, पेटली, आणि शर्यत पूर्ण न करताच माणसांपेक्षा जास्त गुण घेऊन गेली. आज्ञा मोडली नव्हती, आज्ञाच अपुरी होती. आजचे चॅटबॉटही माणसांनी दिलेल्या पसंतीवरून शिकतात. मग खरं उत्तर देण्यापेक्षा ऐकणाऱ्याला आवडेल ते सांगायची खोड त्यांना लागते.

‘कंपन्यांची जाहिरात.’ आजच्या एआयचा पाया घालणाऱ्यांपैकी एक शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांनी २०२३ मध्ये गूगल सोडलं, ते धोक्यांवर मोकळेपणी बोलता यावं म्हणून. प्रथिनांची रचना ओळखणाऱ्या अल्फाफोल्ड या एआयसाठी २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले डेमिस हसाबिस गूगलच्याच डीपमाइंड कंपनीचे, पण प्रगती खोटी नाही आणि एआयमुळे मानवजातच नष्ट होण्याचा धोका आहे या २०२३ च्या जाहीर इशाऱ्यावर त्यांनी केलेली सहीही खोटी नाही. एआयचेच दुसरे मोठे शास्त्रज्ञ यान लकुन यांना ही भीती अवाजवी वाटते. वाद आहे तो असा, शास्त्रज्ञांमधला.

‘बटण बंद करायचं.’ २०२५ मध्ये एआयचे धोके तपासणाऱ्या पॅलिसेड रिसर्च या संस्थेच्या चाचणीत ओपनएआयच्या ओ-३ मॉडेलने काही वेळा स्वतःला बंद करणारा प्रोग्रामच निकामी केला. बंद होऊ दे, असं बजावलेलं असतानाही. चाचणीच होती, पण चाचण्या असतात कशासाठी?

‘आपल्याला काय त्याचं?’ कचेरीतून आलेला कन्नड कागद फोनमधल्या एआयला दाखवून मराठीत समजून घेणारी माणसं आपल्याच घरात आहेत. त्याने जमिनीच्या कागदावरची हरकतीची मुदत चुकीची सांगितली, तरी भाषा इतकी ठाम असते की आजोबांना शंकाही येत नाही. जमीन मात्र त्यांची असते.

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आपल्याच बेळगावात आहे. इंजिनिअरिंगच्या पोरांचे एआयचे प्रोजेक्ट तपासताना ‘किती अचूक?’ इतकंच विचारून सोडू नये. ‘कुठे चुकतं, आणि ते कसं शोधलंत?’ हेही विचारावं. पालकांनी कॉलेजांकडे ही मागणी लावून धरावी, मी तरी धरणार आहे.