तीन प्रश्नचिन्हं

सकाळी उठून फोन बघितला तर मेसेज: "शनिवारी सांगितलं होतं, अजून झालं नाही???" ना नमस्कार, ना नाव. सांगितलं होतं म्हणे! मी काय यांच्या पगारावर आहे?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोन-कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा रूपात, बदलणारं छोटं सॉफ्टवेअर मी सहा वर्षं फुकट सांभाळतोय. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये बरोब्बर उलट. ते फिरवताना 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं आणि मग लोक चिडतात. नोकरी, जेवणखाण आटपून रात्री मी हे करत बसतो.

असा मेसेज आला की मला हॉस्पिटलमधला तो बाक आठवतो. आईला ऑपरेशनला आत नेलं होतं. तेवढ्यात एकाचा मेसेज, "अर्धवट ठेवायचं तर बनवता कशाला? माझा दिवाळी अंक अडलाय." मी तिथंच लॅपटॉप उघडला. आई आत, आणि मी बाहेर रफार नीट करतोय! नवीन आवृत्ती टाकली. "मिळालं" एवढंसुद्धा आलं नाही.

अंक खरंच अडला असेल, मान्य. छापखाना कुणासाठी थांबत नाही.

पण एक्सझेडचं काय झालं आठवा. फायली दाबून लहान करणारं हे सॉफ्टवेअर लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या जगभरच्या सर्व्हरवर असतं. फिनलंडचा लासे कॉलिन ते बिनपगारी सांभाळायचा. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी तगादा लावला: एवढा उशीर का, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. मानसिक तब्येत बरी नसते, हा बिनपगारी छंद आहे, असं त्यानं उघड लिहिलं. तरी टोचणं चालूच. शेवटी मदतीला आलेल्या 'जिया टॅन'ला त्यानं हक्क दिले आणि २०२४ मध्ये त्याच नावानं त्यात चोरदरवाजा घातला गेला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढ्यावरून अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरनं तो पकडला. तगादा लावणारी नावंही बहुधा त्याच कटातली होती. पण ती खोटी वाटली नाहीत, कारण खरी माणसंही आमच्याशी अशीच बोलतात! त्या बाकावर मी कॉलिनपेक्षा वेगळा नव्हतो. कुणी "द्या इकडे, मी सांभाळतो" म्हटलं असतं तर देऊन टाकलं असतं.

आमच्यातही उद्धट आहेत. २०१८ मध्ये लिनक्स सुरू करणाऱ्या खुद्द लिनस टोरवाल्ड्सनं स्वतःच्या वागण्याची माफी मागितली होती.

आणि सगळे तसे नसतात हेही लिहायला हवं. एका निवृत्त बाईंनी मोडणारे शब्द वहीत लिहून फोटो पाठवला होता. खाली, "सवडीनं बघा, तब्येत सांभाळा." त्या रात्री मी दोनपर्यंत जागलो, आनंदानं.

सकाळच्या मेसेजला उत्तर दिलंय: फाइल पाठवा, कुठला शब्द तुटतोय ते सांगा, पुढच्या आठवड्यात बसेन. आज आईकडे जातोय. लॅपटॉप घरी ठेवून.