‘जितके दुखेल तितका गुण’: मसाजविषयीच्या एका घातक दाव्याचा प्रतिवाद

मसाजविषयीचा एक संदेश सध्या सर्वत्र फिरतो आहे. चांगल्या मसाजमध्ये दुखलेच पाहिजे, त्या दुखण्यातून स्नायूंत साठलेले लॅक्टिक आम्ल आणि विषद्रव्ये मोकळी होतात, ती भरपूर पाणी पिऊन बाहेर काढावीत, आणि दुसऱ्या दिवशी अंगावर काळेनिळे डाग उमटले तर उपचार लागू पडला असे समजावे, असा त्याचा आशय आहे. मी व्यवसायाने मसाज थेरपिस्ट आहे. यातले एकही विधान मला मान्य नाही, आणि शेवटचे तर मला धोकादायक वाटते.

प्रथम लॅक्टिक आम्ल. जोरदार व्यायामात स्नायूंमध्ये लॅक्टेट (म्हणजे शरीरात आढळणारे लॅक्टिक आम्लाचे रूप) वाढते हे खरे. पण ते तिथे साठून राहत नाही. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात, यकृत त्याचे पुन्हा ग्लुकोज बनवते, आणि विश्रांतीनंतर साधारण तासाभरात त्याची पातळी पूर्ववत होते. अंग सर्वाधिक ठणकते ते मात्र २४ ते ७२ तासांनी, आणि त्यामागे स्नायूतंतूंची सूक्ष्म इजा व दाह असतो. कॅनडातील क्वीन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तर व्यायामानंतर लगेच केलेल्या मसाजमुळे स्नायूतला रक्तप्रवाह उलट घटल्याचे आणि लॅक्टेट हटण्याचा वेग मंदावल्याचे आढळले.

विषद्रव्ये नेमकी कोणती, हे तो संदेश सांगत नाही. रक्त शुद्ध ठेवण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे अखंड करतात. निरोगी मूत्रपिंडांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. तहान लागली तर पाणी अवश्य प्यावे, एवढेच.

आता मूळ मुद्दा, दुखण्याचा. २०११ मध्ये दीर्घकाळच्या कंबरदुखीच्या ४०१ रुग्णांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दर आठवड्याला केवळ शिथिल करणारा मसाज घेतलेल्यांना १० आठवड्यांनंतर विशिष्ट ऊतींवर नेमके काम करणाऱ्या मसाजइतकाच गुण आला. दाब सोसवेनासा झाला की माणूस श्वास रोखतो, खांदे आवळतो, मुठी वळतो, आणि जो स्नायू सैल करायचा तोच ताठरतो. काहींना भक्कम दाब मनापासून आवडतो आणि तो द्यायला माझी हरकत नाही; मात्र ‘शून्य ते दहामध्ये आता किती दुखते?’ हे मी पुनःपुन्हा विचारते, कारण त्या क्षणी आतली खबर मला फक्त समोरची व्यक्तीच देऊ शकते. दुखणे म्हणजे गुण, असे तिला आधीच पटवून दिले असेल तर ती गप्प सोसते, आणि माझ्या हातांना कळायला हवे ते कळत नाही.

डाग म्हणजे त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्याची खूण. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत हा रक्तस्राव सहज होतो आणि वाढतोही. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांना दाब कधी अति झाला हेच उमगत नाही. ठिसूळ हाडांना बेताबाहेरचा दाब झेपत नाही. म्हणून औषधे, आजार, शस्त्रक्रिया आणि गर्भारपण यांची चौकशी केल्याशिवाय मी कोणालाही हात लावत नाही. एका पायाची पोटरी अचानक सुजून गरम व दुखरी झाली असेल, तर तिथे मसाज मुळीच करू नये. खोल शिरेत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अशा व्यक्तीला मी टेबलावर न घेता थेट डॉक्टरांकडे पाठवते.

मसाजनंतर दिवसभर हलके दुखरेपण राहणे सामान्य आहे. डाग पडले तर थेरपिस्टला कळवावे आणि पुढच्या वेळी दाब कमी करायला सांगावे. लघवी गडद तपकिरी झाली, स्नायूंत कमालीचा अशक्तपणा आला, किंवा अचानक धाप लागली, तर मात्र पाणी पीत वाट पाहू नये. त्याच दिवशी, आणि धाप लागली असेल तर त्याच क्षणी, वैद्यकीय मदत घ्यावी.