एक ऊन-ऊन बट्टी

आमच्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिलंय, की हे यंत्र शून्य ते ४० अंश सेल्सिअस तापमानात वापरावं. लिहिणारा माणूस मे महिन्यात अमळनेरला आलेला नसणार. आमच्याकडे ४० अंशांना ‘आज जरा बरं आहे’ म्हणतात. पारा ४४-४५ वर गेला, की लग्नं सुरू होतात. तिथी पंचांगात बघतात हे सांगायला झालं. माझी खात्री आहे, की खान्देशात आधी हवामान खात्याला विचारतात आणि त्यातला सगळ्यात वाईट दिवस धरतात.

मी आणि माझा नवरा, दोघं मिळून लग्नाचे फोटो काढतो. सोबत व्हिडिओवाला एक पोरगा आणि ड्रोनवाला दुसरा. ड्रोनच्या पुस्तिकेतही ४० च लिहिलंय. त्यामुळे दुपारी तो पोरगा ड्रोन कुलरसमोर धरून बसतो. वरपक्षाचे लोक आधी चिडतात, ‘कुलर माणसांसाठी आहे भाऊ!’ मग वरून शूटिंग तर हवंच असतं, म्हणून स्वतःच सरकून ड्रोनला जागा देतात. मला अजून कोणी सरकून जागा दिलेली नाही.

या धंद्यात मी आले ती छत्री धरायला. म्हणजे फ्लॅशची पांढरी छत्री. स्टुडिओ सासऱ्यांपासूनचा, ३६ फोटोंच्या रोलच्या काळातला. ते अजून सांगतात, एका लग्नाला तीन रोल, म्हणजे १०८ फोटो. जपमाळेचे मणीही तेवढेच. प्रत्येक बटण दाबताना देवाचं नाव घ्यायचे. आम्ही एका लग्नात चार हजार फोटो काढतो आणि देवाचं नाव घेतो ते घरी येऊन कार्ड कॉम्प्युटरला लावताना.

छत्रीवरून माझी बढती झाली ती नवरीच्या खोलीमुळे. तिथे माझ्या नवऱ्याला कोणी उभं करत नव्हतं. मी आत गेले, कॅमेरा हातात होता, आणि मेकअपवाली, तिची मदतनीस, चार मावश्या, एक रडणारी आत्या आणि आरशाच्या इंचभर जागेसाठी भांडणाऱ्या करवल्या यांच्यामधून वाट काढत मी नवरीच्या बांगड्यांचा फोटो काढला. तो बरा आला. त्या दिवसापासून मी फोटोग्राफर. अडचण एवढीच, की हे आम्हाला दोघांनाच माहीत आहे. मांडवात साडी नेसलेली बाई दिसली, की ती पाहुणीच असणार असं लोक धरून चालतात. ‘ताई, जरा बाळ धरा, मी अक्षता घेऊन येते,’ म्हणून एक बाई शिरपूरकडच्या लग्नात बाळ माझ्या कडेवर ठेवून गेल्या, त्या जेवूनच परत आल्या. मी एका हाताने फोटो काढत राहिले. त्या लग्नातले सगळे वडीलधारे उतारावर उभे असल्यासारखे दिसतात.

आता मुहूर्त. पत्रिकेवर छापलेलं असतं, १२ वाजून ३७ मिनिटं. ही ३७ मिनिटं कुठल्या दिवसाची, हे मात्र छापत नाहीत. १२ वाजून ३७ मिनिटांनी नवरदेव मारुतीच्या देवळापाशी घोड्यावर असतो, पुढे मित्रमंडळ डीजेसमोर जमिनीवर लोळत नागीण होत असतं, आणि माझा नवरा त्यांच्यापुढे उलटा चालत असतो. लग्नाच्या फोटोग्राफरला उलटं चालता आलं पाहिजे, हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. तो उलटा चालत चालत गटार, बैल आणि एकदा खुद्द घोडा, यांच्यावर आदळलेला आहे. घोड्याने समजून घेतलं. घोड्यावरच्या नवरदेवाने विचारलं, ‘भाऊ, फोटो आला का?’

वरात मांडवात पोचते तोवर अडीच वाजलेले असतात. मांडवाला गुलाबी कापड लावलेलं असतं आणि वरून ऊन आत झिरपत असतं, त्यामुळे नवरा-नवरीपासून भटजींपर्यंत सगळे गुलाबी. नंतर कॉम्प्युटरवर तो गुलाबी काढत बसायचं, एकेक चेहरा धरून. मंगलाष्टकं सुरू होतात. अंतरपाट धरलेला. मी नवरीच्या बाजूला, माझा नवरा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, आणि खुर्चीचे पाय उन्हाने मऊ होऊन हळूहळू फाकत असतात. शेवटचं ‘सावधान’ झालं, की टाळी लागते. अंतरपाट खाली जातो, आणि नवरी पहिल्यांदा वर बघते. ती नजर दोन सेकंद टिकते. तिच्यासाठीच मी पहाटे पाचपासून उभी असते. नेमक्या त्या दोन सेकंदांत आठ काका आपापले मोबाईल वर करतात. माझ्या कॅमेऱ्यात येते ती नवरीची नजर, पण काकांच्या मोबाईलच्या स्क्रीनवरची. नऊ वेळा मी असा फोटो काढलाय. त्यातल्या एका काकांचा मोबाईल तर सेल्फीवर होता. दोन सेकंद ते स्वतःचंच लग्न लागल्यासारखे हसत होते.

अक्षता म्हणजे आमच्याकडे बहुतेक रंगवलेली ज्वारी. ती लेन्सवर बसते, केसांत बसते, आणि कॅमेऱ्याच्या बॅगेच्या ज्या कप्प्याला चेन नसते त्यात साठते. एका जूनमध्ये पहिल्या पावसाची ओल लागली आणि बॅगेत कोंब फुटले. सासरे म्हणाले, या धंद्यात उगवलेलं हे पहिलंच काही.

टाळी लागली, की पंगत बसते. इथून माझ्या दुःखाला खरी सुरुवात होते. खान्देशी लग्नातली वरण-बट्टी ज्याने गरम खाल्ली नाही, त्याला मी काय सांगणार? जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात ओवा, हळद, तेलाचं मोहन. गोळे आधी उकडायचे, मग कापून तळायचे. ताटात आली की हाताने चुरायची, वर तुरीचं वरण, त्यावर तूप, शेजारी वांग्याची घोटलेली भाजी. हे सगळं मी वासावरून सांगतेय. कारण आचारी विचारतो, ‘फोटोवाले किती?’ आणि यजमान म्हणतात, ‘त्यांचं शेवटी बघू.’ सगळ्यांची पंगत होते. बँडवाल्यांचीसुद्धा होते. बँडवाले हुशार, ते पिपाणी खाली ठेवतात आणि बसतात. कॅमेरा खाली ठेवता येत नाही, कारण तेवढ्यात स्टेजवर सत्कार सुरू झालेले असतात.

टॉवेल-टोपी, नारळ, हार. माइकवाला नावं पुकारतो: सरपंच, माजी सरपंच, भावी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, दूध डेअरीचे चेअरमन, आणि ‘आपल्यात वेळात वेळ काढून उपस्थित असलेले’ म्हणून एकजण, जे मुळात दुसऱ्या लग्नाला आलेले असतात. हे फोटो अल्बमसाठी आजवर कोणी निवडलेले नाहीत. पण काढायचेच. एक राहिला, तर पुढच्या पंचवार्षिकपर्यंत तो विषय निघतो. हे आटोपून आम्ही पानावर बसतो तेव्हा साडेचार झालेले असतात, आणि पानात वाढलेली बट्टी गोफणीत घालून ज्वारीवरची पाखरं हाकलता येतील अशी झालेली असते. एकदा मी ती चमच्याने फोडायला गेले. चमचा वाकला.

पण मामांपुढे हे सत्कार म्हणजे काहीच नाहीत. सगळ्यात अवघड माणूस म्हणजे मामा. एका लग्नात आम्ही चार हजार फोटो काढले आणि नवरीचे धाकटे मामा एकातही आले नाहीत. मामा गैरहजर नव्हते. पाण्याचा टँकर आला नव्हता म्हणून ते दिवसभर फोनवर, पंगतीमागे, ड्रमपाशी. म्हणजे त्या लग्नात खरं काम केलेला एकच माणूस, आणि नेमका तोच कुठे नाही. अल्बम गेला त्या संध्याकाळी मामा स्टुडिओत आले. ओरडले नाहीत. अल्बम पहिल्या पानापासून शेवटपर्यंत शांतपणे उलटत गेले आणि म्हणाले, ‘बरं काढलंय. मी नव्हतो वाटतं या लग्नाला.’ यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

शेवटी असं ठरलं, की मामांना आत घालायचं. दुसऱ्या दिवशी ते तोच सफारी, तोच फेटा घालून आले, हिरव्या पडद्यासमोर उभे राहिले आणि हवेत अक्षता टाकल्या. मी हिरव्या पडद्याला म्हटलं, ‘शुभमंगल सावधान.’ मामांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. आता ते अल्बमच्या मधल्या पानावर नवरीच्या मागे उभे आहेत. फक्त सगळ्यांच्या सावल्या डावीकडे आणि मामांची उजवीकडे पडलीय. त्यांना कोणी ते दाखवू नका.

अशा वेळी मला केकी मूस आठवतात. चाळीसगावचे. १९१२ साली जन्मले, १९८९ साली गेले. आमच्या खान्देशात फोटोग्राफीतलं एवढं मोठं नाव दुसरं नाही. चाळीसगावातल्या आपल्या बंगल्यात या माणसाने जवळजवळ ५० वर्षं स्वतःला कोंडून घेतलं, आणि टेबलावर वस्तू मांडून त्यांतून देखावे उभे करत फोटो काढले. लोक त्यामागे अर्धी राहिलेली प्रेमकहाणी सांगतात. ती पंजाब मेलने येईल म्हणून ते वाट बघत, असं म्हणतात. असेलही. मला आपलं वाटतं, की त्यांनी तरुणपणी कधीतरी एखाद्या लग्नाची ऑर्डर घेतली असणार. टेबलावरची वस्तू कधी म्हणत नाही, ‘माझा एक फोटो राहिला.’ आणि तिला मामा नसतात.

प्रीवेडिंगचं मी फार बोलत नाही. कपिलेश्वरला तापी-पांझरेच्या संगमावर पहाटे सहाला जोडपं गाऊन-सूटमध्ये उभं करायचं, आणि मागून म्हशी येऊ द्यायच्या नाहीत, एवढंच ते काम. म्हशी येतातच.

या सगळ्यात एक आजी आहेत. चोपड्याकडच्या एका मोठ्या भाऊबंदकीतल्या. त्या घरची लग्नं आमच्याकडेच असतात, त्यामुळे वर्षातून एकदा तरी गाठ पडते. सात वर्षांपूर्वी पहिल्यांदा भेटल्या. मी स्टेजमागे बॅटरी बदलत होते. पदराला कोणीतरी ओढलं.

‘पोरी, मना एकलीना फोटू काढ.’

म्हटलं, ‘आजी, चला ना स्टेजवर, नवरीसोबत काढू.’

‘नवरी नको. भिंतवर लावाले. पोरं ऐनवखतले कोठेबी कापेल फोटू लावतस.’

मला समजायला जरा वेळ लागला. मग आठवलं, त्यांच्या घरात आजोबांचा जो हार घातलेला फोटो आहे, त्यात त्यांच्या खांद्यावर कोणाचातरी कापलेला हात आहे. आजींना तसं नको होतं. मी त्यांना मांडवाच्या कडेला नेलं, जिथे पांढरं कापड होतं आणि उजेड मऊ येत होता. पाठ ताठ, पदर दोन्ही खांद्यांवर, ओठ मिटलेले, कारण वरचे दात घरी राहिले होते. फोटो काढला आणि स्क्रीनवर दाखवला. आजींनी बराच वेळ बघितलं.

‘हाई म्हातारी कोन शे वं?’

मग त्या निघून गेल्या. पाच मिनिटांनी परत आल्या, त्या कढईपासून सरळ. पदराखालून वर्तमानपत्राचा कागद काढला. त्यात एक बट्टी होती, तळलेली, मधोमध बोटाने खड्डा करून त्यात तूप ओतलेलं.

‘ऊन ऊन शे, खाई ले. कोनले सांगू नको.’

मी ती स्पीकरच्या मागे उभं राहून खाल्ली. जीभ भाजली. सबंध सीझनमधलं तेवढंच गरम जेवण.

पुढच्या वर्षी आजी परत हजर. ‘मांगला सालना फोटूमा मी आजारी दिखस. आते नवा काढ.’ काढला. बट्टी आली. त्याच्या पुढच्या वर्षी नवीन लुगडं घेतलं होतं म्हणून. मग चष्म्याची काडी बदलली म्हणून. एका वर्षी कारणच सांगितलं नाही, नुसत्या येऊन पांढऱ्या कापडासमोर उभ्या राहिल्या, आणि पिठाचे हात पदराला पुसले. आमच्या कॉम्प्युटरवर त्यांचं वेगळं फोल्डर आहे. आजी_फायनल. आजी_फायनल_नवा. आजी_फायनल_खरा. त्यापुढे नावं सुचेनात म्हणून नवऱ्याने आकडे घातले. नवऱ्याला वाटतं मी हे नुसत्या प्रेमापोटी करते. बट्टीचं मी त्याला सांगितलेलं नाही.

या मे महिन्यात त्यांच्या पणतीचं लग्न झालं. आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. आधीचे सगळे फोटो मोबाईलवर दाखवायला लावले आणि पहिल्यांदाच नीट बघून म्हणाल्या, की माझ्या सगळ्या फोटोंमध्ये मी चिडलेली आहे, हे तू सांगितलं का नाहीस? मग त्या हसल्या. दात घातलेले होते. तो फोटो काढला. बट्टी आली. ‘येता सालले जित्ती ऱ्हायनू ते आखो काढसूत,’ म्हणाल्या आणि भाज्या घोटायला गेल्या. तेवढ्यात पाठवणी निघाल्याची हाक आली, मी तशीच पळाले.

आठ दिवसांनी नवरीची बहीण फोटो बघायला स्टुडिओत आली. पाठवणीच्या फोटोंपाशी थांबली. रडणारी नवरी, तिचे वडील, मागे फुलांची गाडी, आणि सगळ्यांभोवती सोनेरी, धुरकट, मऊ उजेड.

‘ताई, हे किती भारी आलंय! कुठला फिल्टर आहे हा?’

नवऱ्याने लेन्स उचलून उजेडात धरली. पुढच्या काचेवर अंगठ्याएवढा तुपाचा डाग होता. त्याने तो हुंगला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी कॉम्प्युटरकडे तोंड करून फाइलचं नाव टाइप करत होते. आजी_फायनल_७.